रायफलचे वजन आणि वाढत्या वयाचा कणा

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरूच्या नेमबाजी केंद्रावर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांच्या १९५२ सालच्या हेलसिंकीतील पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. त्या अंतिम फेरीत स्वप्नीलने ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण मिळवले. म्हणजे दर गोळीमागे सरासरी दहापेक्षा थोडे जास्त. आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभे राहून ही कामगिरी करायची असते.

अशा पदकानंतर घरोघरी एक प्रश्न विचारला जातो, ‘आमच्या मुलालाही घालू का?’ कोल्हापूर, पुणे, ठाणे, पनवेल, मुंबई या भागात नेमबाजीची चांगली परंपरा आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, म्युनिकला २०१० मध्ये विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, कैरोला २०२२ मध्ये विश्वविजेता झालेला रुद्रांक्ष पाटील ही नावे मराठी वाचकाला नवीन नाहीत. त्यामुळे रायफल हातात घेणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांचे आता कुणाला नवल वाटत नाही. पण त्यानंतरचा प्रश्न कमी विचारला जातो. मुलाच्या हाती कोणती रायफल द्यायची, किती वजनाची आणि किती वेळ? हा प्रश्न दुकानदाराइतकाच डॉक्टरचाही आहे. कारण रायफलचे वजन नेम सुधारते, आणि तेच वजन कणा थकवते.

लक्ष्य केवढे, चूक केवढी

५० मीटर अंतरावरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. १० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. पेन्सिलीच्या टोकाने टेकवावा तेवढा. शिवाय अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. अगदी मध्यभागी लागलेल्या गोळीला १०.९ मिळतात आणि थोडी सरकली की १०.४, १०.२ असे गुण उतरत जातात.

साधे गणित करून पाहू. रायफलच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर आहे, असे धरू. मागचे टोक स्थिर राहिले आणि नळीचे तोंड फक्त एक दशांश मिलिमीटर, म्हणजे एका जाड केसाएवढे सरकले, तर ५० मीटरवर गोळी सहा मिलिमीटरहून अधिक सरकते. १०.९ ऐवजी १०.२ गुण मिळतात. पॅरिसमध्ये सुवर्ण आणि रौप्यपदकात फरक होता २.३ गुणांचा. अशा तीन-चार केसांएवढ्या चुका पदकाचा रंग बदलू शकतात.

आता हे शरीराच्या अंगाने पाहावे. जिवंत माणूस कधीच पूर्ण स्थिर नसतो. उभे राहिल्यावर शरीर सावकाश पुढे-मागे झुलत असते. पाय आणि मेंदू मिळून हा तोल क्षणाक्षणाला सावरतात. हाताच्या स्नायूंना सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा असा सूक्ष्म कंप असतो. तो आजार नव्हे, प्रत्येक निरोगी माणसाला असतो. श्वासाबरोबर छाती वरखाली होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताचा झोत धमन्यांत सुटतो आणि सगळ्या शरीराला बारीकसा धक्का बसतो. खांद्याला टेकवलेल्या रायफलपर्यंत तो पोहोचतो.

जड रायफल का हवी?

इथे वजन कामाला येते. वस्तू जितकी जड, तितकी ती हलवायला अवघड. हृदयाचा ठोका किंवा स्नायूचा कंप रायफलला जो धक्का देतो, तो तेवढाच राहतो. पण आठ किलोंच्या रायफलवर त्याचा परिणाम चार किलोंच्या रायफलच्या निम्मा होतो. रिकामी टोपली वाऱ्याने डुलते, भरलेली जागची हलत नाही, तसेच हे.

वजन किती, याबरोबर ते कुठे आहे हेही महत्त्वाचे. तेच २०० ग्रॅम वजन दस्त्याजवळ बसवले तर फारसा फरक पडत नाही. नळीच्या टोकाकडे नेले तर रायफल डावी-उजवीकडे वळवणे कितीतरी अवघड होते, कारण वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट केले तर विरोध चौपट. म्हणून मुरलेले नेमबाज नळीवर छोटी वजने पुढे-मागे सरकवत राहतात.

मात्र एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वजन चाप लावते ते जलद, बारीक कंपाला. शरीराचा सावकाश झोका त्याने थांबत नाही. तो थांबतो पायांच्या ठेवणीने, पोट आणि पाठीच्या स्नायूंच्या ताकदीने, आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने. उलट रायफल पेलवण्याच्या पलीकडे जड असेल तर स्नायू थकतात, आणि थकलेला स्नायू अधिक थरथरतो. वजनाने जे कमावले ते थकव्याने गमावले जाते. म्हणजे प्रत्येक शरीरासाठी वजनाचा एक टप्पा असतो. त्याच्या अलीकडे वजन मित्र, पलीकडे शत्रू.

आंतरराष्ट्रीय नियमांनी कमाल मर्यादा घातली आहे. १० मीटर एअर रायफल ५.५ किलोंपर्यंत, पुरुषांची ५० मीटर रायफल ८ किलोंपर्यंत. पण ही वरची मर्यादा आहे, ते उद्दिष्ट नव्हे. वेगमर्यादा ताशी शंभर किलोमीटर आहे म्हणून प्रत्येकाने शंभरनेच गाडी चालवावी असे होत नाही.

नळीच्या आत काय घडते?

वजनाचा मोठा भाग नळीत असतो, आणि नळीचे काम फक्त गोळीला वाट दाखवण्याचे नाही. नळीच्या आतल्या बाजूला स्क्रूसारखे पिळाचे आटे कोरलेले असतात. या आट्यांमुळेच बंदुकीची ‘रायफल’ होते. गोळी त्यांतून जाताना स्वतःभोवती फिरू लागते आणि फिरणाऱ्या भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष सोडत नाही. ५० मीटर प्रकारातील पॉइंट टू टू रायफलमध्ये साधारण ४० सेंटिमीटरला एक पूर्ण वेढा असतो. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. म्हणजे बाहेर पडताना ती सेकंदाला आठशे फेऱ्या घेत असते. हा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा जरा कमी ठेवतात, कारण तो ओलांडून पुन्हा खाली येताना हवेतील खळबळ गोळीला हेलकावते.

नळी लांब असली म्हणजे नेम चांगला, ही समजूत सर्रास आढळते. ती अर्धीच खरी आहे. या छोट्या काडतुसातील दारू लवकर जळून संपते. त्यापुढची नळी गोळीला वेग देत नाही, घर्षणच वाढवते. लांबीचा खरा फायदा असा की दोन साइटमधले अंतर वाढते आणि डोळ्याला नेमातली चूक लवकर दिसते. म्हणून आजच्या अनेक स्पर्धा-रायफलींत खरी नळी आखूड ठेवून तिच्यापुढे हलकी पोकळ नळी जोडतात. साइट त्या टोकावर बसते, गोळी मात्र आधीच मोकळी झालेली असते. एअर रायफलची खरी नळीही बाहेरून दिसते त्यापेक्षा बरीच आखूड असते.

आखूड नळीचा शरीराशीही संबंध आहे. चाप ओढल्यावर गोळी बाहेर पडेपर्यंत दोन-तीन सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्या वेळात हात हलला तर गोळीही हलणार. नळीतला वेळ जितका कमी, तितकी शरीराच्या चुकीला संधी कमी. धक्क्याचेही तसेच. २.६ ग्रॅमची गोळी ६५ सेंटिमीटरच्या नळीतून पुढे जाईपर्यंत आठ किलोंची रायफल मागे सरकते जेमतेम ०.२ मिलिमीटर. तीच रायफल तीन किलोंची असती तर अर्ध्या मिलिमीटरहून अधिक सरकली असती.

जाडीचे महत्त्व याहून जास्त. गोळी सुटताना नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी कंप पावते. दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर ताठपणा सोळापट. म्हणून स्पर्धेतली नळी जाड असते आणि त्यामुळे जडही. तिचे तोंड अगदी एकसारखे तासलेले लागते, कारण शेवटचा स्पर्श तिथेच होतो. तिथे बारीकसा खवका पडला तरी मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी तिरपी होते. नळी साफ करताना तोंडाशी गज घासणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष आहे. महागड्या नळीचे नुकसान गोळ्यांपेक्षा अशा हाताळणीने अधिक होते.

चांगली रायफल शिकंज्यात घट्ट बांधून मारून पाहिली तर तिच्या सगळ्या गोळ्या दहाच्या वर्तुळात सहज सामावतात. याचा अर्थ सरळ आहे. एका दर्जाच्या पुढे रायफल चुकत नाही, माणूस चुकतो. काही लाखांची परदेशी रायफल घेऊन दिली की गुण आपोआप वाढतील, या आशेवर कर्ज काढणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पाठीचे गणित

उभ्या स्थितीत नेमबाजाकडे बाजूने पाहिले तर तो मागे कललेला आणि कमरेत पिळलेला दिसतो. ही ऐट नव्हे, गरज आहे. उजव्या हाताच्या नेमबाजाचे डावे कोपर बरगड्यांवर किंवा कमरेच्या हाडाच्या कडेवर टेकलेले असते. रायफलचे ओझे स्नायूंनी नव्हे, हाडांनी पेलावे, कारण हाड थकत नाही आणि थरथरत नाही. उभ्या स्थितीत पट्ट्याचा आधार घ्यायलाही नियमाने मनाई आहे. मग हे ओझे जाते कुठे? कमरेच्या मणक्यांत.

ढोबळ हिशेब असा. पाच किलोंची रायफल शरीराच्या मध्यरेषेपासून ३० सेंटिमीटर पुढे धरली, तर तोल राखण्यासाठी कमरेवरचे शरीर मागे न्यावे लागते. साठ किलो वजनाच्या प्रौढाचे कमरेवरचे शरीर अंदाजे तीस किलोंचे. त्याला ते पाच सेंटिमीटर मागे न्यावे लागेल. चाळीस किलोंच्या तेरा वर्षांच्या मुलाचे कमरेवरचे शरीर असते वीस किलोंचे. त्याला तीच रायफल पेलायला साडेसात सेंटिमीटर मागे वाकावे लागेल. त्याच मुलाला साडेतीन किलोंची रायफल दिली तर वाकणे जवळपास प्रौढाइतकेच राहते.

दुसरी तुलना दप्तराची. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावे असे सांगितले आहे. चाळीस किलोंच्या मुलाच्या हातातली पाच किलोंची रायफल साडेबारा टक्के होते. शिवाय दप्तर दोन्ही खांद्यांवर सारखे असते, रायफल एका बाजूला, पिळलेल्या कमरेवर. एअर रायफलच्या एका सामन्यात ६० गोळ्या असतात. त्याआधीच्या चाचणीच्या गोळ्या आणि रिकाम्या रायफलचा सराव धरला तर एका दिवसात शंभराहून अधिक वेळा ती उचलली जाते.

कंबरदुखी ही रायफल नेमबाजांची ओळखीची तक्रार आहे. बीजिंगमध्ये २००८ साली सुवर्णपदक जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राला २००६ मध्ये, विश्वविजेता झाल्यानंतर, पाठीच्या दुखण्यामुळे बराच काळ रायफल बाजूला ठेवावी लागली होती. प्रौढ, प्रशिक्षित शरीराची ही गत असेल तर वाढत्या मुलाच्या बाबतीत अधिक सावध राहायला हवे. मुलींची झपाट्याने वाढ साधारण दहा ते तेरा वर्षांत आणि मुलांची बारा ते पंधरा वर्षांत होते. या काळात हाडे आधी वाढतात, स्नायू मागाहून त्यांना गाठतात. मणक्याच्या मागच्या कमानीची हाडे तेव्हा नाजूक असतात. वारंवार मागे वाकणे आणि पिळणे यामुळे तिथे सूक्ष्म भेग पडू शकते. कोवळ्या वयातील वेगवान गोलंदाजांत आणि जिम्नॅस्टमध्ये ही दुखापत नेहमी दिसते. नेमबाजीत झटका नसतो, त्यामुळे धोका तितका नाही. पण ताण एकाच दिशेने आणि दीर्घकाळ असतो.

नेमबाजीने मणका कायमचा वाकडा होतो असे घाबरण्याचे कारण नाही. आधीपासून असलेला बाक मात्र दुर्लक्षित राहू नये. मुलाला पुढे वाकवून पाठीमागून पाहिले आणि एका बाजूची पाठ उंच दिसली, तर रायफल देण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. ही तपासणी एका मिनिटात होते आणि तिला यंत्र लागत नाही.

ठोका, गोळी आणि गोळ्या

कसलेले नेमबाज अनेकदा दोन ठोक्यांच्या मधल्या शांत क्षणी चाप ओढतात, असे अभ्यासांत दिसले आहे. ते ठरवून मोजत नाहीत, सरावाने शरीर ते शिकते. नाडी संथ असेल तर हा शांत क्षण लांबतो. म्हणून एका जागी उभे राहण्याच्या या खेळातही धावणे, पोहणे, सायकल चालवणे यांना महत्त्व आहे.

याच कारणाने काहींना औषधाचा मोह होतो. रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर औषधे नाडी संथ करतात आणि हाताचा कंप घटवतात. नेमबाजीत त्यांवर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पिस्तूल पदके प्रोप्रानोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली गेली. घरात आजोबांच्या डब्यात असणारे हे औषध दमा असलेल्या मुलात श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकते. ‘स्पर्धेच्या दिवशी हात थरथरू नये म्हणून अर्धी गोळी’ हा सल्ला कोणीही दिला तरी तो मानू नये.

छर्रे बहुतेक शिशाचे असतात, आणि शिशाची सुरक्षित पातळी म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम अधिक होतो. छर्रे तोंडात धरू नयेत, रेंजवर डबा उघडू नये, सरावानंतर साबणाने हात धुवावेत. बंद रेंज कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. पॉइंट टू टू रायफलच्या रेंजवर कानाला संरक्षण हवेच. खेळणाऱ्याच्या आणि बाजूला बसलेल्या आईवडिलांच्याही.

काय करता येईल?

मुलांसाठी साडेतीन-चार किलोंच्या, दस्त्याची लांबी आणि गालाची टेकण बदलता येणाऱ्या रायफली मिळतात. भरभर वाढणाऱ्या मुलासाठी नवी विकत घेण्यापेक्षा क्लबने अशा दोन-चार रायफली ठेवून आळीपाळीने वापरायला देणे सर्वांनाच परवडते. ‘मोठेपणी हीच वापरायची आहे, सवय होऊ दे’ म्हणून लहानग्याच्या हाती पूर्ण वजनाची रायफल देणे म्हणजे दोन मापे मोठे बूट घालून धावायला लावणे. सुरुवातीची काही महिने स्टँडचा आधार द्यावा. वजन सहा महिन्यांनी, मुलाचे स्वतःचे वजन आणि ताकद पाहून थोडे थोडे वाढवावे. सरावाच्या प्रत्येक वीस मिनिटांनंतर रायफल खाली ठेवून उलट दिशेने कंबर मोकळी करावी. आठवड्यातून तीन दिवस पोट, पाठ आणि मांड्यांचे व्यायाम रायफलइतकेच आवश्यक समजावेत.

कंबरदुखी दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकली, रात्री झोपेतून जागे करू लागली, मागे वाकताना एका ठरावीक जागी कळ येऊ लागली किंवा पायात मुंग्या येऊ लागल्या, तर सराव थांबवून तपासणी करावी. वेळीच विश्रांती मिळाली तर अशा बहुतेक तक्रारी शस्त्रक्रियेशिवाय बऱ्या होतात. मुलाने दुखणे लपवण्याची मात्र भीती असते. निवड चाचणी तोंडावर असली की ते हमखास लपवले जाते. ते सांगायला त्याला घरात आणि रेंजवर मोकळीक हवी.

सरकारी क्रीडा प्रबोधिनी आणि खासगी अकादम्यांनी प्रवेशाच्या वेळी उंची-वजनासोबत मणक्याची तपासणी आणि वर्षातून एकदा रक्तातील शिशाची चाचणी सुरू केली, तर खर्च एका चांगल्या नळीच्या किमतीपुढे नगण्य ठरेल. नळी झिजली की बदलता येते. तेरा वर्षांच्या मुलाला पुढची साठ वर्षे आहे त्याच कण्यावर काढायची असतात.